चाकांवरील घरांतील दिवा आणि पंखा

विजेचा विषय निघाला म्हणजे शहरांतील सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें भिंतीवरचें बटण उभें राहतें. बटण दाबलें कीं दिवा लागतो. न लागला तर वीज कंपनीस बोल लावतां येतो. वीज उत्पन्न करणें, ती सांठविणें आणि ती खर्च करणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत याची जाणीव त्यास सहसा होत नाहीं. कारण पहिल्या दोन गोष्टी त्याच्या नजरेआड कोठें तरी घडत असतात. परंतु हेंच घर चाकांवर चढविलें आणि गांवाबाहेरच्या माळावर नेऊन उभें केलें, म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच छपराखालीं येतात, आणि त्यांचा मेळ घालण्याचें काम घरच्या माणसांवर पडतें. तो मेळ कसा घालावा, आणि न घातल्यास काय ओढवतें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावयाचें लहानसें घर, ज्यास कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर म्हणतात, तें कांहीं आजचें नव्हे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांनीं ओढावयाची गाडी केवळ हौसेनें हिंडण्याकरितां बांधून घेतली, तेव्हां तिच्यांत विजेचा प्रश्नच नव्हता. पुढें पन्नास वर्षांनीं, १९३६ सालीं, अमेरिकेंत एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर निघाला, तेव्हां मात्र त्यांत विजेचे दिवे आले होते. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर करून या हौसेस इकडे वाट करून दिली. ज्यांस नव्या गाडीची किंमत परवडत नाहीं, किंवा ज्यांस जुन्या वस्तूंचा सोस असतो, ते जुना ट्रेलर मिळवितात, त्याचा गंज खरवडतात, आंत नवें लांकूड बसवितात, आणि मग दिवा-पंख्याच्या प्रश्नापाशीं येऊन अडतात.

असा एक जुना ट्रेलर वैशाखांत मुकुटबनजवळ उभा आहे, असें श्रोत्यांनीं मनांत आणावें. मुकुटबन हें यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यांतील गांव. भोंवतीं कपाशीची काळी जमीन, जमिनीखालीं चुनखडी आणि कोळसा. एका बाजूस वणी, दुसऱ्या बाजूस तेलंगणांतील आदिलाबाद. पांढरकवड्याजवळचें टिपेश्वर अभयारण्य पाहावयास आलेलें एखादें कुटुंब या मुलखांत रात्र काढूं इच्छील, यांत नवल नाहीं. परंतु विदर्भाच्या या भागांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, आणि दिवसभर तापलेलें पत्र्याचें छत रात्रीं उशिरापर्यंत आंतल्या माणसांवर उष्णता ओकीत राहतें. थंड देशांत ज्यांनीं असे ट्रेलर बांधले त्यांस दिव्याची काळजी होती, पंख्याची फारशी नव्हती. येथें पंखा हीच मुख्य गरज होय, दिवा दुय्यम. बरोबर म्हातारें माणूस किंवा तान्हें मूल असेल, तर मध्यरात्रीं पंखा बंद पडणें ही नुसती गैरसोय राहत नाहीं.

हा प्रश्न नवा वाटला तरी त्याचें उत्तर जुनें आहे, आणि तें मुकुटबनच्या स्थानकावरच पाहावयास मिळत आलें आहे. माजरीहून वणी, मुकुटबन, पिंपळखुटी या वाटेनें आदिलाबादकडे लोहमार्ग जातो. त्यावरून जाणाऱ्या प्रवासी गाडीचा डबा म्हणजे तरी काय? तेंही चाकांवरचें घरच. गाडी एखाद्या स्थानकांत तासभर खोळंबली तरी त्यांतील दिवे जळत राहतात, पंखे फिरत राहतात. आणि डब्यास बाहेरून कोणतीही तार जोडलेली दिसत नाहीं.

आरंभीं रेल्वेच्या डब्यांत तेलाचे, मग वायूचे दिवे असत. १८९० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील जे. स्टोन आणि कंपनीनें एक युक्ति प्रचारांत आणली. डब्याच्या चाकांच्या आंसावर पट्टा चढवावयाचा आणि त्या पट्ट्यानें डब्याखालीं टांगलेला डायनामो फिरवावयाचा. गाडी धांवूं लागली कीं वीज तयार होते. दिव्यांस पुरून उरलेली वीज बॅटरींत सांठते. गाडी उभी राहिली कीं बॅटरी ती परत देते. अडचण होती ती गतीची. गाडी दुप्पट वेगानें धांवूं लागली म्हणून डायनामोनें दुप्पट जोर करून दिवे जाळून टाकतां उपयोगी नाहीं. म्हणून डायनामो असा लोंबता ठेवीत कीं, पट्ट्याची ओढ ठराविक मर्यादेबाहेर गेली म्हणजे तो पट्ट्याकडे झुके आणि पट्टा घसरूं लागे. घसरणारा पट्टा हाच त्या यंत्राचा विवेक होता.

भारतीय रेल्वेच्या डब्यांत पुढें डायनामोच्या जागीं अल्टरनेटर आणि त्याच्या जोडीस दाब आंवरणारें नियामक यंत्र आलें. वातानुकूलित नसलेल्या जुन्या बनावटीच्या डब्याखालीं साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर आणि १२० ॲम्पियर-तासांची बॅटरी असते. नव्या गाड्यांत इंजिनाकडूनच सर्व डब्यांस वीज पुरविण्याची रीत रूढ होत आहे, हें खरें. पण जुन्या डब्याचें तत्त्व लहान घरास अधिक जवळचें आहे. वीज उत्पन्न करणारें कांहीं तरी, तिचा सांठा करणारें कांहीं तरी, आणि या दोहोंमध्यें बसून कमी-जास्त सांभाळणारें कांहीं तरी, अशा तीन वस्तु असल्यावांचून चाकांवरच्या घरांत दिवा रात्रभर जळत नाहीं. यांतील तिसरी वस्तु लोक हटकून विसरतात.

रेल्वेचा दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. पूर्वी डब्यांत २४ व्होल्टांची योजना असे. नंतर ब्रॉडगेजच्या डब्यांत ती ११० व्होल्टांची झाली. असें कां करावें लागलें? विजेची शक्ति म्हणजे दाब गुणिलें प्रवाह. दाब कमी असला तर तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह अधिक लागतो. आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ११० व्होल्टांच्या मानानें २४ व्होल्टांवर प्रवाह साडेचारपटींहून किंचित् अधिक लागतो. त्याचा वर्ग केला म्हणजे त्याच तारेंत नासाडी सुमारें २१ पट होते. लांबलचक डब्यांत कमी दाब परवडत नाहीं, हा अनुभव रेल्वेनें पदरचे पैसे मोजून घेतला आहे.

ट्रेलरच्या मालकास दाब वाढविण्याची अशी मुभा नसते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टांची, बाजारांत मिळणारे छोटे दिवे आणि पंखे १२ व्होल्टांचे. तेव्हां उपाय दोनच उरतात: तार आंखूड ठेवणें आणि तार जाड घेणें. समजा, प्रत्येकीं ४ वॅटचे चार एलईडी दिवे आणि प्रत्येकीं १८ वॅटचे दोन पंखे एकदम लावले. सगळे मिळून ५२ वॅट झाले. घरच्या २३० व्होल्टांवर याला पाव ॲम्पियरहूनही कमी प्रवाह पुरतो. १२ व्होल्टांवर ४.३ ॲम्पियर लागतो. बॅटरीपासून दूरच्या टोकापर्यंत ५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन तार १० मीटर होते. ही तांब्याची तार १ चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर पाऊण व्होल्ट वाटेंतच नाहींसा होतो, म्हणजे शेंकडा सहा. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा ०.३ व्होल्टांवर, म्हणजे शेंकडा अडीचवर येतो. घरांतील २३० व्होल्टांच्या जोडणीस जी तार पुरेशी असते ती येथें अपुरी पडते, ही गोष्ट घरगुती वायरमनच्याही चटकन ध्यानांत येत नाहीं. दिवा किंचित् मंद झालेला डोळ्यांस कळत नाहीं. पंखा मंदावलेला अंगास कळतो.

मोटारीकडून येणाऱ्या तारेस तर हें विशेषच लागू पडतें. मोटार चार तास धांवली म्हणजे मागच्या ट्रेलरची बॅटरी आपोआप पुरती भरते, अशी पुष्कळांची समजूत असते. मोटारीचा अल्टरनेटर सुमारें १४ व्होल्ट देतो, आणि शिशाची बॅटरी पुरती भरावयास तिच्या टोकांवर १४.२ ते १४.४ व्होल्ट पोंचावे लागतात. आतां पुढच्या इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत ७ मीटर अंतर, जाऊन-येऊन १४ मीटर तार, आणि ती दीड चौरस मिलिमीटरची. १० ॲम्पियर प्रवाह सुरू झाला कीं १.६ व्होल्ट वाटेंतच संपतात. उरलेल्या दाबानें बॅटरी नीट भरत नाहीं; म्हणून प्रवाह आपोआप रोडावतो, आणि दिवसभराच्या प्रवासानंतरही ती अर्धपोटी राहते. मालक बॅटरीस दोष देतो, नवी आणतो, आणि तिचीही तीच गत होते. दोष तारेचा असतो.

तार ६ चौरस मिलिमीटरची घातली तर हा तोटा ०.४ व्होल्टांवर येतो. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ट्रेलरच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर बसविणें. तो पोंचेल तेवढा दाब घेऊन बॅटरीस हवा तेवढा करून देतो. कित्येक नव्या मोटारींचा अल्टरनेटर इंधन वांचविण्याकरितां आपला दाब मुद्दाम उतरवितो. तेथें तर या यंत्रावांचून गत्यंतर नाहीं. शिवाय इंजिन बंद होतांच दोन्ही बॅटऱ्यांचा संबंध तोडणारी व्यवस्था हवी. ती नसली तर रात्रभर पंखे मोटारीची बॅटरी पिऊन टाकतात, आणि सकाळीं मोटार सुरूच होत नाहीं. गांवापासून दूर, उन्हाच्या दिवसांत, ही शिक्षा फार कडक आहे.

आतां हिशेब. वर सांगितलेले चार दिवे पांच तास लावले तर ८० वॅट-तास होतात. दोन पंखे दहा तास चालविले तर ३६०. टेलिफोन भरावयास ४० धरावे. एकूण ४८० वॅट-तास. १२ नें भागले तर ४० ॲम्पियर-तास. पंख्यांचा वांटा पाऊण हिस्सा आहे, हें येथें दिसतें. म्हणून काटकसर करावयाची तर ती पंख्याच्या निवडींत करावी. घरांतला जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारें ७५ वॅट खातो. ब्रश नसलेल्या मोटरचा १२ व्होल्टांचा छोटा पंखा १५ ते २० वॅटमध्यें एका माणसापुरता वारा देतो. जुन्या ट्रेलरमधील तारेचे बल्ब मात्र काढूनच टाकावेत. २१ वॅटचे चार बल्ब पांच तास लावले तर ४२० वॅट-तास जातात. म्हणजे वरच्या सगळ्या हिशेबाजवळ जाणारी वीज निव्वळ उजेडावर खर्च होते, आणि तिचा बराच भाग खोली तापविण्यांत जातो.

४० ॲम्पियर-तास लागतात म्हणून ४० ची बॅटरी घेणें हा मोठा भ्रम होय. शिशाची बॅटरी दररोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते. तिचा अर्धाच सांठा आपला समजावा. म्हणजे एका रात्रीस १०० ॲम्पियर-तासांची बॅटरी हवी. तिचा अंदाज स्वस्त मल्टिमीटरनेंही घेतां येतो. सर्व बंद करून कांहीं तास स्वस्थ ठेवल्यावर १२.७ व्होल्टांच्या जवळ दाखवीत असेल तर ती भरलेली, १२.१ ते १२.२ दाखवीत असेल तर अर्धी. मोटार सुरू करण्यासाठीं बनविलेली बॅटरी या कामीं टिकत नाहीं. ती क्षणभर मोठा जोर करण्यासाठीं असते. घरगुती इन्व्हर्टरला लावतात तसली, जाड पत्र्यांची बॅटरी येथें शोभते. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी महाग खरी. पण ती वजनानें हलकी, आणि तिच्या सांठ्याचा शेंकडा ८० भाग बिनधास्त वापरतां येतो. जिला ओढून न्यावयाचें त्या गाडींत वजनासही किंमत असते.

विदर्भांतील उन्हाळ्यानें आणखी एक अट घातली आहे. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांस सुमारें निम्में होतें, असा ठोकताळा आहे. तेव्हां ती पश्चिमेच्या उन्हांत तापणाऱ्या पत्र्यास लगटून ठेवूं नये. जमिनीजवळ, सावलीच्या बाजूस ठेवावी, आणि पाण्याची असेल तर उन्हाळ्यांत डिस्टिल्ड पाणी वारंवार पाहावें. भरतांना अशा बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं तो ठिणगीनें पेट घेऊं शकतो. झोपण्याच्या फळीखालीं उघडी बॅटरी ठेवणें म्हणूनच धोक्याचें आहे. ती झांकणाच्या पेटींत ठेवावी, आणि पेटीच्या वरच्या बाजूस गाडीबाहेर उघडणारी नळी असावी. कारण हा वायु हलका असून वरच चढतो.

उभ्या गाडीस चाकांपासून वीज मिळत नाहीं. तेथें रेल्वेच्या डायनामोचें काम सूर्य करतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं इकडे पांच तास पूर्ण ऊन पडलें असें धरावें. १५० वॅटचें सौर पॅनेल, सर्व तोटे वजा जातां, सुमारें ५२५ वॅट-तास देतें. वरच्या ४८० च्या हिशेबास तें बेताचें पुरतें. तोटे कसले, तर मुख्य उष्णतेचे. पॅनेलचा पृष्ठभाग २५ अंशांच्या वर जितका तापेल तितकी दर अंशास सुमारें शेंकडा ०.४ वीज कमी होते. वैशाखांत तो ६५ अंशांपर्यंत तापला तर शेंकडा १६ तेथेंच गेले. म्हणून पॅनेल छतास चिकटवूं नये. खालून वारा खेळेल इतकें अंतर ठेवावें. त्यामुळें पॅनेलही थंड राहतें आणि छतासही तेवढी सावली मिळते. पावसाळ्यांत मात्र हा हिशेब निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं येतो. तेव्हां पॅनेल दुप्पट घ्यावें, किंवा पंखा निम्मा करावा.

येथें एक पेंच आहे. माणसांस सावली हवी, पॅनेलास ऊन हवें. ट्रेलर कडुलिंबाखालीं उभा केला तर आंतील माणसें सुखी, बॅटरी उपाशी. उघड्या माळावर उभा केला तर बॅटरी भरते, पण आंत बसवत नाहीं. अर्ध्या पॅनेलावर पडलेली फांदीची सावलीसुद्धां निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज हिरावून घेते. यावर तोड अशी कीं, गाडी झाडाखालीं ठेवून पॅनेल सुटें करून उन्हांत मांडावें आणि ४ चौरस मिलिमीटरची दहा मीटर तार त्यास जोडावी. ८ ॲम्पियर प्रवाहास त्या तारेंत ०.७ व्होल्ट जातात. पॅनेलाचा दाब बॅटरीपेक्षां वरचढ असल्यामुळें तेवढी गळती सोसते. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्यें चार्ज कंट्रोलर मात्र हवाच. स्टोनच्या घसरत्या पट्ट्याचा तो आजचा वारस होय.

कित्येक गृहस्थ म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? इन्व्हर्टर बसवावा आणि घरचाच पंखा लावावा. १२ व्होल्टांचे २३० करण्यांत शेंकडा १० ते २० वीज जाते, शिवाय कांहीं न चालवितांही इन्व्हर्टर स्वतःपुरती वीज घेतच असतो. आणि पुढें पंखा ७५ वॅटचा. बॅटरी दुपटीहून मोठी घ्यावी लागेल. दुसरे म्हणतील, छोटा जनरेटर आणावा. त्याचा आवाज अरण्याच्या कडेस शोभत नाहीं ही गोष्ट वेगळी. परंतु त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद खोलींत झोपलेल्या माणसास तो जागेंही होऊं देत नाहीं. जनरेटर दाराशीं किंवा खिडकीखालीं चालवून झोपणें म्हणजे जीव टांगणीस लावणें आहे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १२ व्होल्टांचा धक्का बसत नाहीं. त्यामुळें ही वीज निरुपद्रवी आहे अशी समजूत पसरली आहे. ती चुकीची आहे. कमी दाबाची वीज माणसास झटका देत नाहीं, पण घर जाळूं शकते. १०० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीचीं दोन टोकें चुकून एकमेकांस भिडलीं तर क्षणांत शेंकडों ॲम्पियर वाहतात. बारीक तार लाल होते, तिच्यावरचें प्लास्टिक वितळतें, आणि जुन्या ट्रेलरच्या वाळलेल्या प्लायवूडला आग लागावयास तेवढें पुरतें. तार कोठें पत्र्याच्या कडेवर घासून सोलली जाईल, कोठें उंदीर कुरतडील, याचा नेम नसतो. आणि ओढतांना गाडी सतत हादरत असते. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर पहिला फ्यूज असलाच पाहिजे, आणि पुढें प्रत्येक फांट्यास स्वतंत्र लहान फ्यूज. फ्यूज हा पंख्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेस १५ ॲम्पियरचा फ्यूज ठीक. दिव्या-पंख्यांच्या फांट्यांस ५ चा पुरे. वारंवार उडतो म्हणून त्या जागीं जाड तार गुंडाळणारा माणूस स्वतःच्या उशाशीं निखारा ठेवीत असतो.

जुन्या ट्रेलरमध्यें आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पूर्वी पुष्कळ गाड्यांत परतीची तार न टाकतां लोखंडी सांगाड्यांतूनच वीज परत आणीत. सांगाडा गंजला, खिळे सैल झाले, कीं प्रत्येक जोडावर दाब गळतो आणि दिवे मिणमिणतात. रेल्वेच्या डब्यांत दोन्ही तारा सांगाड्यापासून अलग ठेवतात. तोच कित्ता गिरवावा, आणि परतीसाठीं जाड तार वेगळी टाकावी. दुसरें म्हणजे धन-ऋणाची दिशा. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या कित्येक गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे, आणि कित्येक गाड्या ६ व्होल्टांच्या असत. जुन्या बल्बांस दिशेची पर्वा नव्हती. पण नव्या एलईडी दिव्यास ती आहे, आणि नव्या पंख्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग उलट जोडणीनें क्षणांत जळूं शकतो. नवें कांहींही जोडण्यापूर्वी मीटरनें दोन मिनिटें तपासणें, हा या कामांतला सर्वांत स्वस्त विमा होय.

शेवटीं पंख्याकडून अपेक्षा किती ठेवावी हेंही ध्यानांत घ्यावें. पंखा हवा थंड करीत नाहीं; तो घाम वाळवितो. आंतली हवा शरीराहून अधिक तापली असतां नुसता पंखा गरम झळाच अंगावर आणतो. म्हणून दोहोंपैकीं एक पंखा छताजवळ, तापलेली हवा बाहेर टाकणारा असावा, आणि दुसऱ्यानें सावलीच्या बाजूची हवा आंत घ्यावी. त्या खिडकीस वाळ्याचा ओला पडदा लावला तर विदर्भाचा कोरडा उन्हाळाच कामास येतो. पाणी उडून जातांना हवेंतली उष्णता घेऊन जातें, आणि १८ वॅटचा पंखा मोठ्या यंत्राचें थोडेंबहुत काम करतो. मुंबईच्या दमट हवेंत हा उपाय साधत नाहीं, मुकुटबनास साधतो. ज्या कोरडेपणानें दिवस असह्य होतो, त्याच कोरडेपणाचा असा उपयोग वऱ्हाड-नागपुराकडील घरोघरच्या लोकांनीं पूर्वीपासून केला आहे.

सर्व बेरीज केली तर या चाकांवरच्या घरास दिवसाकाठीं लागणारी वीज अर्धा युनिटही होत नाहीं. शहरांतल्या घरांत ७५ वॅटचा एकच पंखा, कोणी बसलेलें नसतांही, चोवीस तास फिरत राहिला तर १.८ युनिट जातात. इतका मोठा फरक हा विजेच्या कमतरतेनें पडत नाहीं, हिशेबानें पडतो. ज्या कुटुंबानें एक आठवडा आपली वीज स्वतः सांठवून वापरली, त्यास तारेची जाडी, फ्यूजची जागा आणि पंख्याचे वॅट या गोष्टी पुन्हां कोणी शिकवाव्या लागत नाहींत. बॅटरी किती मोठी घ्यावी, हा प्रश्न दुकानांत विचारावयाचा नसून आधीं घरीं कागदावर सोडवावयाचा आहे. आणि तो सोडवितांना पंखा, तार व फ्यूज यांचा विचार ज्यानें बॅटरीच्या आधीं केला, त्याच्या गाडींतलीं माणसें रात्रभर स्वस्थ झोपतात.